अर्ली डिसिजन, अर्ली ॲक्शन की रेग्युलर? अमेरिकेतल्या कॉलेजचा अर्ज कधी टाकावा

ऑगस्ट लागला की पदवीसाठी अमेरिकेला जाऊ पाहणाऱ्या मुलांच्या घरी एकच चर्चा सुरू होते: अर्ली कुठे टाकायचं? १ ऑगस्टला कॉमन ॲपचा (अनेक कॉलेजांना एकाच ठिकाणाहून अर्ज करायच्या संकेतस्थळाचा) नवा हंगाम उघडतो, १ नोव्हेंबरला बहुतेक अर्ली अर्जांची मुदत संपते आणि मधल्या तीन महिन्यांत हा निर्णय उरकावा लागतो. बऱ्याच घरांत तो एका आकड्यावर उरकला जातो. "अर्लीत चौदा टक्के घेतात, रेग्युलरमध्ये चार. मग अर्लीच टाकू की!"

हा आकडा खोटा नाही, पण तो सगळ्यात शेवटी बघायचा असतो. आधी पैसे, मग मुलाची खरी पसंती, मग फाइल तयार आहे का, आणि या तिन्हींचं उत्तर मिळाल्यावर शक्यता. क्रम उलटा झाला की डिसेंबरात प्रवेशाचं पत्र हातात असतं आणि घरात आनंदापेक्षा ताण जास्त असतो. अशी घरं मी पाहिली आहेत, म्हणून हा लेख त्याच क्रमाने लिहितो आहे.

आधी प्रकार समजून घ्या

रेग्युलर म्हणजे जानेवारीच्या सुरुवातीला मुदत असलेला, बंधन नसलेला नेहमीचा अर्ज. अर्लीचे मात्र चार प्रकार. अर्ली डिसिजन, म्हणजे ईडी, हा बांधून घेणारा अर्ज. तो एका वेळी एकाच कॉलेजला करता येतो. मुदत १ किंवा १५ नोव्हेंबर, निकाल डिसेंबरच्या मध्यावर. प्रवेश मिळाला तर बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यायचे आणि तिथेच जायचं, असा करार असतो आणि त्यावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचा काउन्सेलर अशा तिघांच्या सह्या असतात. ब्राऊन, कोलंबिया, कॉर्नेल, डार्टमथ, पेनसिल्व्हेनिया, ड्यूक, नॉर्थवेस्टर्न, कार्नेगी मेलन ही ईडीवाली कॉलेजं.

ईडी-टू हा त्याचाच धाकटा भाऊ. करार तोच, फक्त मुदत जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात आणि निकाल फेब्रुवारीत. व्हँडरबिल्ट, जॉन्स हॉपकिन्स, एमरी, शिकागो, सेंट लुईसचं वॉशिंग्टन विद्यापीठ, न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी, बॉस्टन युनिव्हर्सिटी यांच्याकडे ही सोय आहे.

अर्ली ॲक्शन, म्हणजे ईए, यात कसलंही बंधन नाही. लवकर अर्ज, लवकर निकाल, आणि कुठे जायचं ते १ मेपर्यंत ठरवायची मोकळीक. एमआयटी, पर्ड्यू, इलिनॉय, मिशिगन, जॉर्जिया टेक, मेरिलँड इथे हा मार्ग आहे. यातल्या मोठ्या सरकारी विद्यापीठांत, विशेषतः कॉम्प्युटर सायन्स आणि इंजिनिअरिंगसाठी, ईएची तारीख चुकवणं म्हणजे स्वतःहून मागच्या बाकावर जाऊन बसणं. पर्ड्यूमध्ये तर शिष्यवृत्तीचा विचारही १ नोव्हेंबरच्या अर्जावरच होतो.

चौथा प्रकार रिस्ट्रिक्टिव्ह अर्ली ॲक्शन: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड. प्रवेश मिळाला तरी जाण्याचं बंधन नाही, पण अर्ज करतानाच पथ्य असतं. ढोबळ नियम असा, की दुसऱ्या खासगी कॉलेजला अर्लीत अर्ज करायचा नाही. सरकारी विद्यापीठांचं ईए आणि अमेरिकेबाहेरची विद्यापीठं चालतात. म्हणजे हार्वर्डला अर्ली टाकणारं मूल त्याच वेळी पर्ड्यूला टाकू शकतं, १५ ऑक्टोबरच्या मुदतीत ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजलाही टाकू शकतं, पण एमआयटीला अर्लीत टाकू शकत नाही. प्रत्येक कॉलेजचे बारकावे वेगळे असतात आणि वर्षागणिक बदलतात, तेव्हा त्या त्या कॉलेजचं प्रवेशाचं पान स्वतः वाचा. व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारा तक्ता बहुधा मागच्या वर्षीचा असतो.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या (यूसी) बर्कली, यूसीएलए, सॅन डिएगो वगैरे शाखांना अर्ली प्रकारच नाही. नोव्हेंबरअखेरीच्या सुमारास एकच मुदत, सगळ्यांना सारखी.

पहिलं काम: पैशांचं बोलणं, तेही मुलासमोर

खासगी कॉलेजचा एका वर्षाचा एकूण खर्च, म्हणजे फी, राहणं, जेवण, विमा, आता ९०,००० डॉलरच्या घरात गेला आहे. चार वर्षांचे साडेतीन लाख डॉलर, म्हणजे तीन कोटी रुपयांच्या आसपास. शिवाय फी दरवर्षी चढते आणि रुपया घसरला तर त्याचा भार वेगळा. हे आकडे कागदावर लिहून आई, बाबा आणि मूल यांनी जुलैतच एकदा समोरासमोर बसा. वर्षाला किती देऊ शकतो, फ्लॅट गहाण न टाकता किती, कर्ज काढलं तर किती, धाकट्या भावंडाचं शिक्षण कधी सुरू होतं. मुलाला यातून वगळू नका. सतरा वर्षांच्या मुलाला हे कळतं. न सांगितल्यामुळे जी स्वप्नं वाढतात, त्यांनी नंतर जास्त दुखतं.

या बोलण्यातून तीनपैकी एक उत्तर निघेल.

पूर्ण खर्च ओढाताण न होता परवडतो, असं असेल तर ईडीचा दरवाजा तुमच्यासाठी उघडा आहे. थेट पुढच्या भागावर जा.

मदत मिळाली तरच जमेल, असं असेल तर कॉलेजांचे दोन गट वेगळे करा. काही मोजकी कॉलेजं परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली म्हणून त्याच्या निवडीत फरक करत नाहीत आणि निवड झाल्यावर ठरलेली गरज पूर्ण भागवतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि ॲमहर्स्ट ही त्यातली जुनी नावं. डार्टमथ आणि बोडन २०२२ मध्ये यात आली, ब्राऊन २०२५ मध्ये दाखल झालेल्या तुकडीपासून. बाकी जवळजवळ सगळीकडे परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली की ती बाब निवडीच्या वेळी विचारात घेतली जाते. तिथे अर्लीचा एक खरा फायदा असतो, तो म्हणजे नोव्हेंबरात मदतीची तिजोरी भरलेली असते. पण मदत किती देतात हे आधी बघा. कार्नेगी मेलन परदेशी विद्यार्थ्यांना मदत देत नाही. तिथे ईडी टाकून मग पैशांचं बघू, असं म्हणणाऱ्याला पुढे वाट नाही.

तिसरं उत्तर सगळ्यात जास्त घरांत निघतं: "थोडं आपण घालू, थोडी शिष्यवृत्ती मिळेल, बघू." या घरांनी ईडीपासून लांब राहावं असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्हाला तुलनेची गरज आहे. एप्रिलमध्ये चार पत्रं समोर ठेवून कोण किती सूट देतंय हे बघून ठरवायचं आहे, आणि ईडीत नेमकी तीच मोकळीक तुम्ही आधी देऊन टाकता. ईए आणि रेग्युलर हा तुमचा रस्ता.

ईडीच्या करारात सुटण्याची एक वाट असते आणि तिच्याबद्दल गैरसमज फार आहेत. मदतीसाठी अर्ज केला होता आणि कॉलेजने देऊ केलेल्या रकमेत जाणं शक्य नाही, तर प्रवेश नाकारता येतो. यातला पहिला भाग पुन्हा वाचा: मदतीसाठी अर्ज केला होता. आपल्याकडे पुष्कळ जण शक्यता वाढावी म्हणून मदतीच्या रकान्यात 'नको' लिहितात. मग डिसेंबरात "एवढं जमणार नाही" म्हणायला त्यांना ही वाट उरत नाही. इतकंच नाही, बऱ्याच कॉलेजांत प्रवेशाच्या वेळी मदत न मागणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला पुढच्या चारही वर्षांत ती मागता येत नाही. तो रकाना भरताना हात थरथरला तर अर्ज तिथेच थांबवा आणि पुन्हा घरी बोला.

मदत मागणार असाल तर सीएसएस प्रोफाइल नावाचा फॉर्म १ ऑक्टोबरला उघडतो आणि अर्लीसाठी तो बहुतेक ठिकाणी नोव्हेंबरातच भरावा लागतो. तो चाळीस मिनिटांत होणारा फॉर्म नव्हे. आयकर विवरणपत्र, फॉर्म १६, बँकेचे उतारे, मुदत ठेवी, पीएफ, घराची किंमत हे सगळं लागतं. आपल्याकडची खरी अडचण सामाईक मालमत्तेची. गावची जमीन आजोबांच्या नावावर, सातबाऱ्यावर चार भावांची नावं, आणि त्यातून वर्षाला हाती येतात ते सोयाबीनचे जेमतेम पैसे. अशी सगळी जमीन आपली म्हणून दाखवली तर कॉलेजच्या हिशेबात तुम्ही जमीनदार ठरता. आपला कायदेशीर हिस्सा तेवढाच दाखवा आणि खुलाशाच्या जागेत दोन-चार सरळ वाक्यांत लिहा की ही वडिलोपार्जित सामाईक शेती आहे, विकायला सगळ्यांची संमती लागते आणि वर्षाचं उत्पन्न इतकं आहे. कागद जोडायला सांगितले तर इंग्रजी भाषांतरासह जोडा.

दुसरं काम: पसंती तपासून बघा

ईडी टाकायची तर त्या एका कॉलेजचं नाव मुलाच्या तोंडून, न अडखळता यायला हवं. "ब्राऊनला टाक, तिथे टक्केवारी बरी आहे" हे पालकांचं वाक्य झालं.

तपासायची पद्धत साधी आहे. मुलाला विचारा, तिथला पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम कसा आहे? ब्राऊनमध्ये सर्वांना सक्तीचे असे ठरावीक विषय नसतात, कोलंबियात उलट सगळ्यांना वाचाव्या लागणाऱ्या ग्रंथांचा आणि विषयांचा भक्कम गाभा असतो. दोन्ही आयव्ही लीग या आठ नामांकित विद्यापीठांच्या गटातलीच, पण एकात रमणारं मूल दुसऱ्यात घुसमटू शकतं. मग विचारा, समजा एप्रिलमध्ये पाच कॉलेजांची पत्रं आली, तरी तू हेच निवडशील? क्षणभरही घुटमळला तर ईडी नको, ईए करा. मुलाला एकही कॉलेज असं वाटत नसेल तर त्यात वाईट काही नाही. ईडी टाकलीच पाहिजे असा नियम कुठेच नाही.

आपल्या समाजात नावाचा दबाव मोठा आहे. सोसायटीत, नातेवाइकांत, क्लासच्या बॅचमध्ये कुणाचं कुठे झालं याची चर्चा डिसेंबरात सुरू होते आणि मुलं त्या भीतीने अर्लीकडे ढकलली जातात. हा दबाव आईबापांनी आपल्या अंगावर घ्यावा, मुलापर्यंत पोचू देऊ नये.

तिसरं काम: आकडे वाचायला शिका

आता शक्यता. ब्राऊनचं उदाहरण घेऊ. २०२४ मध्ये दाखल झालेल्या तुकडीसाठी ईडीचे ६,२४४ अर्ज आले आणि ८९८ जणांना प्रवेश मिळाला, म्हणजे १४.४ टक्के. सगळे मिळून अर्ज होते ४८,८८१ आणि प्रवेश २,५२१. ईडी वजा केली तर उरतात ४२,६३७ अर्ज आणि १,६२३ प्रवेश, म्हणजे ३.८ टक्के. चौदाच्या पुढ्यात चार. डोळे दिपतात ते इथेच.

पण त्या ८९८ मध्ये कोण आहे? आयव्ही लीगमध्ये संघासाठी निवडलेले खेळाडू बहुतांशी याच फेरीत येतात. प्रशिक्षकाशी त्यांचं आधीच ठरलेलं असतं. माजी विद्यार्थ्यांची मुलं, प्राध्यापकांची मुलं, मोठ्या देणगीदारांची मुलं यांचाही ओढा अर्लीकडे असतो. २०१८ मध्ये बोस्टनच्या फेडरल न्यायालयात हार्वर्डवर खटला चालला, तेव्हा आतली आकडेवारी बाहेर आली. त्यातल्या तुकड्यांमध्ये संघासाठी निवडलेल्या खेळाडूंना प्रवेश मिळण्याचं प्रमाण सुमारे ८६ टक्के होतं आणि माजी विद्यार्थ्यांच्या मुलांचं सुमारे ३३ टक्के. तेव्हा हार्वर्डचं एकूण प्रमाण याच्या पासंगालाही पुरत नव्हतं.

हिशेबापुरतं धरू, की ब्राऊनच्या ८९८ पैकी ३५० जागा अशा मुलांच्या आहेत आणि त्यांचे अर्ज ४५०. ते बाजूला काढले तर ५,७९४ अर्जांतून ५४८ प्रवेश, म्हणजे साडेनऊ टक्के. फायदा उरतोच, पण चौदाचे साडेनऊ झाले. आणि रेग्युलरच्या ४२,००० अर्जांत "टाकून तर बघू" म्हणणारे पुष्कळ असतात, त्यामुळे तिथली टक्केवारी जितकी भयानक दिसते तितकी चांगल्या फाइलसाठी नसते. दोन्ही बाजूंनी दरी थोडी भरली जाते. ज्याची फाइल मुळात त्या कॉलेजच्या तोडीची आहे, त्याला ईडी खरा हात देते. ज्याची नाही, त्याला साडेनऊ काय आणि चार काय, शून्याला कितीनेही गुणलं तरी शून्यच.

ईएचं गणित निराळं. एमआयटीमध्ये त्याच वर्षी अर्लीत १२,५६३ अर्जांतून ६६१ प्रवेश झाले, ५.३ टक्के. एकूण २८,२३२ अर्जांतून १,२७५, म्हणजे ४.५. फरक किरकोळ आहे, कारण बंधन नसलं की कॉलेजला तुमच्याकडून काही जास्त मिळत नाही. ईडीत त्यांना मिळते ती खात्री: घेतलेलं मूल येणारच. रेग्युलरमध्ये निवडलेल्यांपैकी किती येतील याचा अंदाज बांधत बसावं लागतं. म्हणून अर्ध्याच्या आसपास जागा ईडीत भरणारी कॉलेजं आहेत. या पद्धतीचा कल पैसेवाल्या घरांकडे झुकतो, हा आक्षेप जुना आहे. हार्वर्ड आणि प्रिन्स्टनने २००६ मध्ये हेच कारण देऊन आपली अर्ली फेरी बंद करायचं जाहीर केलं होतं. बहुतेक इतरांनी बंद केली नाही आणि २०११ मध्ये या दोघांनीही ती परत आणली.

तुमच्या यादीतल्या प्रत्येक कॉलेजसाठी हा हिशेब घरबसल्या करता येतो. कॉलेजचं नाव आणि 'कॉमन डेटा सेट' एवढं शोधा. बहुतेक कॉलेजं हा कागद दरवर्षी प्रसिद्ध करतात. त्यातली चार ठिकाणं उघडा. सी-वन मध्ये एकूण अर्ज आणि प्रवेश. सी-२१ मध्ये ईडीचे अर्ज आणि प्रवेश. ही वजाबाकी करून रेग्युलरची टक्केवारी काढा. सी-सेव्हन मध्ये कॉलेज कशाला किती महत्त्व देतं याचा तक्ता असतो: गुण, निबंध, शिफारसपत्र, आणि अर्जदाराने दाखवलेला रस. रस या ओळीपुढे 'महत्त्वाचं' असेल तर त्या कॉलेजची ऑनलाइन माहितीसत्रं, ईमेल, मुलाखत यांना हजेरी लावणं फुकट जात नाही. चौथं ठिकाण एच-सिक्स. परदेशी विद्यार्थ्यांपैकी किती जणांना मदत मिळाली आणि सरासरी किती, हे तिथे लिहिलेलं असतं. सल्ला देणारा कुणी "तिथे भरपूर स्कॉलरशिप मिळते" म्हणाला तर त्याच्यासमोर हे पान उघडा. लाखो रुपये घेणाऱ्या सल्लागारांच्या सादरीकरणापेक्षा हे चार रकाने जास्त खरं बोलतात.

चौथं काम: फाइल नोव्हेंबरात उभी राहते का?

इथे भारतातल्या, आणि त्यातही महाराष्ट्रातल्या मुलांची सगळ्यात जास्त पंचाईत होते.

अर्लीत कॉलेजच्या हाती नववी, दहावी, अकरावीचे गुण आणि बारावीचे शाळेने दिलेले अंदाजे गुण असतात. आपल्याकडे अकरावी हे विश्रांतीचं वर्ष मानलं जातं. त्यातून टायअप कॉलेज असेल तर मुलं जेईईच्या क्लासला आणि हजेरी कागदावर. दहावीला ९५ टक्के आणि अकरावीला ७२ असा उतार अर्लीत ठळक दिसतो, कारण तो झाकायला बारावीचं काहीच नसतं. असं असेल तर थांबा. बारावीच्या पहिल्या सत्रात चांगले गुण मिळवा आणि ते घेऊन रेग्युलरला जा. तीन महिने उशिरा गेलेली भक्कम फाइल, घाईने गेलेल्या लंगड्या फाइलपेक्षा केव्हाही बरी.

टायअपची दुसरी अडचण शिफारसपत्रांची. जी मुलं वर्गात बसलीच नाहीत त्यांच्याबद्दल शिक्षक काय लिहिणार? दोन शिक्षक शोधायचे ते अकरावीच्या अखेरीस. त्यांना भेटून मुलाने काय केलं, कुठला प्रयोग, कुठला वादविवाद, कुठली चूक सुधारली हे एका पानावर द्या. "तो हुशार आणि मेहनती आहे" एवढ्याने काही होत नाही. प्रात्यक्षिकाच्या वेळी सूक्ष्मदर्शकाची काच फुटली तेव्हा त्याने काय केलं, असं एक वाक्य जास्त वजनाचं.

काउन्सेलर नावाचं पद बहुतेक ज्युनिअर कॉलेजांत नसतं. मग ते काम प्राचार्य किंवा उपप्राचार्यांनी करायचं असतं: कॉमन ॲपवर शाळेचा अहवाल भरणं, गुणपत्रिका चढवणं आणि ईडी असेल तर करारावर सही. कॉमन ॲपचं निमंत्रण त्यांच्या ईमेलवर जातं आणि पुष्कळदा स्पॅममध्ये पडून राहतं. जुलैतच जाऊन भेटा, शाळेच्या अधिकृत नावाचा ईमेल घ्या, त्यांच्याशेजारी बसून खातं उघडून द्या. ईडी म्हणजे काय हेही समजावून सांगा, कारण मुलाने करार मोडला तर पुढच्या वर्षी त्याच शाळेतून अर्ज करणाऱ्या मुलांकडे ते कॉलेज साशंक नजरेने बघू शकतं. बऱ्याच सरांना आपण कशावर सही करतो आहोत हे माहीत नसतं.

आणि दिवाळी. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे आणि १ नोव्हेंबर रविवारी. म्हणजे मुदतीच्या आधीच्या पंधरवड्यात सत्र परीक्षा, पेपर तपासणी आणि सुट्टीची गडबड. कार्यालयाला कुलूप लागलं की शिक्का मिळत नाही. शाळेकडून जे जे लागतं ते १० ऑक्टोबरपर्यंत वर चढलेलं हवं, असा निश्चय करा. नववीची गुणपत्रिका जुन्या शाळेतून आणायची असते, ही गोष्ट हमखास विसरली जाते.

एसएटी ही प्रवेशपरीक्षा लागणार असेल तर ऑगस्टची परीक्षा मुख्य धरा आणि ऑक्टोबरची राखीव. एमआयटीने २०२२ मध्ये, आणि डार्टमथ, ब्राऊन, हार्वर्ड यांनी २०२४ मध्ये परीक्षेची अट परत आणली आहे, तेव्हा "आता कुठे एसएटी लागते?" हे ऐकीव ज्ञान बाजूला ठेवा. मुख्य निबंध ६५० शब्दांचा असतो, त्याखेरीज प्रत्येक कॉलेजचे वेगळे छोटे निबंध. ईडीच्या कॉलेजचे छोटे निबंध आधी लिहायला घ्या, कारण 'आमच्याकडेच का' या प्रश्नाचं उत्तर कागदावर उतरत नसेल तर पसंतीबद्दलचं दुसरं काम अजून झालेलं नाही.

एक नमुना आखून बघू

समजा नाशिकची एक मुलगी आहे. दहावीला ९४, अकरावीला ८९, एसएटी १५२०, कॉम्प्युटर सायन्स करायचं आहे आणि घर वर्षाला ४५,००० डॉलरपर्यंत जाऊ शकतं. कार्नेगी मेलनची ईडी तिच्यासाठी बाद, मदतच नाही. कॉर्नेलची ईडी मदत मागून टाकता येईल, पण मदत मागितल्याचा परिणाम निवडीवर होईल, आणि कमी पडणारे पैसे सगळेच्या सगळे मिळायला हवेत. तिने एच-सिक्स बघून, मन खरोखर तिथे असेल तरच ते करावं. तिचा खरा कणा म्हणजे १ नोव्हेंबरची ईए फेरी: पर्ड्यू, जिथे २०१३ पासून मूळ फी जवळजवळ गोठवलेली आहे, आणि बजेटमध्ये बसणारी अशीच आणखी एक-दोन. एमआयटीचं ईएही टाकता येईल, कारण कॉर्नेलच्या ईडीला ते आड येत नाही. यूसीचे अर्ज मात्र मी सुचवणार नाही. बाहेरच्यांना तिथे गरजेवर आधारित मदत जवळपास नसते आणि बजेट पुरणार नाही.

उलट मुंबईतला एक मुलगा, खर्चाची चिंता नाही, इतिहास आणि अर्थशास्त्र यांत जीव रमतो आणि ब्राऊनचा मोकळा अभ्यासक्रम त्याने वाचून काढला आहे. त्याने ईडी टाकावी, दुसरा विचार करू नये. शिवाय ईडी-टूसाठी एक नाव नोव्हेंबरातच ठरवून ठेवावं.

अमेरिकेतच राहणाऱ्या मराठी घरांसाठी

न्यू जर्सी, बे एरिया, डॅलस, अटलांटा इथल्या घरांत दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली, मुलाचा दर्जा. मूल तिथे जन्मलेलं असेल तर ते नागरिक; ते पुण्यात वाढलं तरी मदतीच्या बाबतीत त्याची गणना अमेरिकी विद्यार्थ्यांतच होते आणि त्याने एफएएफएसए, म्हणजे अमेरिकी सरकारच्या मदतीचा फॉर्म, भरायचा. हे माहीत नसल्याने परत आलेली काही घरं मदत मागतच नाहीत! एच-४ व्हिसावरच्या (आईबाबांच्या नोकरीच्या व्हिसामुळे तिथे राहणाऱ्या) मुलाला मात्र एफएएफएसएचा लाभ नाही आणि पुष्कळ खासगी कॉलेजं त्याला मदतीसाठी परदेशी धरतात, मग ते तिसरीपासून एडिसनच्या शाळेत का असेना. कॉलेजला लेखी विचारून घ्या.

दुसरी, राज्याचं विद्यापीठ. जॉर्जियातल्या मुलांसाठी जॉर्जिया टेकची अर्लीची मुदत ऑक्टोबरच्या मध्यावर येते, बाहेरच्यांपेक्षा आधी. टेक्सासमध्ये वर्गातल्या वरच्या काही टक्क्यांना ऑस्टिनच्या विद्यापीठात थेट प्रवेश असतो. २०२६ पासून ही रेघ सहावरून पाच टक्क्यांवर आली. राज्यातल्या फीचा असा पर्याय हातात असताना ९०,००० डॉलरच्या कॉलेजला बांधून घ्यायचं का, हा प्रश्न त्या घरांनी मोकळेपणाने विचारावा.

डिसेंबरचा पंधरवडा

निकाल तीन प्रकारचे येतात. नकार आला तर त्या वर्षी त्या कॉलेजचा विषय संपला. 'डिफर' आलं तर अर्ज रेग्युलरच्या ढिगात गेला आणि ईडीचा करारही सुटला. तेव्हा जानेवारीत एक छोटं पत्र लिहा: अजून रस आहे, ऑक्टोबरनंतर हे गुण मिळाले, हे काम पुढे गेलं. एक पान पुरे. रोज ईमेल करू नका, ओळखीच्या माजी विद्यार्थ्यांकडून फोन करवू नका.

खरी कसोटी पुढच्या पंधरा दिवसांत असते. १५ डिसेंबरच्या आसपास निकाल, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात रेग्युलर आणि ईडी-टूच्या मुदती, आणि तेवढ्यातच प्रिलिम, प्रात्यक्षिकं, जेईई मेन. मूल खचलेलं असताना दहा कॉलेजांचे निबंध लिहिणं अशक्य असतं. म्हणून नोव्हेंबरच्या अखेरीस सगळे निबंध कच्चे का होईना लिहून ठेवा, ईडीचं नक्की होणार असं वाटत असलं तरी. ईडी-टूचा निर्णय नकाराच्या दुसऱ्या दिवशी रागात घेऊ नका. पैसे आणि पसंती या दोन्ही प्रश्नांतून ते नावही गेलं पाहिजे.

आणि प्रवेश मिळाला तर? करार ईडीचा असेल तर बाकीचे अर्ज त्याच आठवड्यात मागे घ्या, ठेवीची रक्कम मुदतीत भरा आणि प्राचार्यांना जाऊन पेढे द्या, कारण वर्षाच्या मध्याचे आणि बारावीचे अंतिम गुण पाठवायला त्यांचीच गरज लागणार आहे. प्रवेश त्या गुणांवर अवलंबून असतो. अंदाज ९२ दिला आणि निकाल ७० लागला तर कॉलेज प्रवेश मागे घेऊ शकतं. व्हिसाही अजून बाकी असतो. २०२५ च्या मे-जूनमध्ये विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या वेळा देणं काही आठवडे थांबलं होतं आणि ऐन प्रवेशाच्या हंगामात कित्येक घरं टांगणीला लागली. म्हणून बारावीचा अभ्यास आणि सीईटीची तयारी मेपर्यंत चालू राहू द्या, आणि सीईटीच्या अर्जाची तारीख फ्रीजवर चिकटवून ठेवा.